कप्तानांना खुर्ची हवी होती

कप्तान दुसऱ्यांदा पडले तेव्हा मी समोरच बसले होते, आणि ते का पडले हे अख्ख्या इमारतीत फक्त मला कळलं होतं. यात माझी हुशारी काही नाही. मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लोकांचं बोलणं कानावर पडू द्यायचं आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप लावायचं, ही आमची नोकरी. निवृत्त झाले तशी कुलूप काढलं. कान मात्र उघडे ते उघडेच राहिले, आणि आता त्यांच्या जोडीला डोळेही कामाला लागलेत, कारण इथं बसल्या बसल्या दुसरा उद्योग काय आहे?

इथं म्हणजे आमच्या होममध्ये. दारावर ‘वृद्ध शुश्रूषागृह’ असं लिहिलंय, पण तेवढं म्हणेपर्यंत दम लागतो, म्हणून आम्ही सगळे होमच म्हणतो.

कप्तान आमच्या टेबलावर आले ते पहिल्यांदा पडून, मांडीचं हाड मोडून, ते जोडून घेऊन, आणि एक वॉकर घेऊन. आमच्या टेबलावर त्याआधी आम्ही दोघीच. मी, आणि माई. माई नव्वदीच्या पुढच्या, गाण्याच्या शिक्षिका होत्या, आणि त्यांचे हात थरथरतात. नव्या गृहस्थांनी बसल्यावर आमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी माईंच्या बशीकडे पाहिलं, मग माझ्या बशीकडे. दोन्हींत चहा सांडलेला.

‘‘मॅडम, ही बशी बदलायला हवी,’’ ते मला म्हणाले.

‘‘बशीची काही तक्रार नाही,’’ मी म्हटलं, ‘‘माझीही नाही.’’

पहिल्या दिवशी ते मला अजिबात आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

कप्तान म्हणजे फौजेतले वगैरे नव्हेत. मोठ्या हॉटेलात वेटरांचा जो मुख्य असतो त्याला कॅप्टन म्हणतात. स्टेशनसमोरच्या एका जुन्या, चांगल्या चालणाऱ्या हॉटेलात ते कोवळ्या वयात ग्लास विसळायला लागले आणि केस पांढरे झाल्यावर कॅप्टन म्हणून बाहेर पडले. त्यांना काम शिकवलं एका म्हाताऱ्या वेटरने. त्याचा धडा एकच होता. दालनातून भटारखान्यात जाताना काहीतरी घेऊन जायचं, भटारखान्यातून दालनात येताना काहीतरी घेऊन यायचं. वेटर रिकाम्या हातांनी चालताना दिसला की समजावं, त्याची पाळी संपली आणि तो घरी निघालाय.

हा धडा कप्तानांच्या हाडीमाशी इतका खिळला की तो हॉटेलात ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलंच नाही. सुनेचे आईवडील पहिल्यांदा घरी जेवायला आले तेव्हा व्याह्यांचा शेवटचा घास तोंडात जातोय न जातोय तोच त्यांच्या पुढ्यातली प्लेट गायब झाली. व्याही बिचारे अजून थोडा भात मागणार होते. डॉक्टरांकडे गेले तर डॉक्टरांच्या टेबलावरचा रिकामा कप उचलून बेसिनमध्ये ठेवून येत. मांडीच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा पहिला प्रश्न पायाबद्दल विचारला नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं ताट अजून कुणी का नेलं नाही, असं त्यांनी नर्सला विचारलं. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, आणि तेही तक्रारीच्या सुरात, म्हणजे चूक त्या ताट न नेणाऱ्याची.

आता अशा माणसाला तुम्ही वॉकर द्या. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, वॉकर म्हणजे चार पायांचा ॲल्युमिनियमचा सांगाडा. दोन्ही हातांनी धरायचा, पुढे टेकवायचा, त्याच्या आत एक पाऊल टाकायचं, पुन्हा उचलायचा. चांगली वस्तू आहे, माझं त्याच्याशी वैर नाही. पण तो दोन्ही हात मागतो, आणि सोडत नाही.

त्या दिवशी दुपारचा चहा झाला होता. कप्तान उठले, वॉकर धरला, दोन पावलं गेले. शेजारच्या टेबलावर कुणीतरी प्यालेला कप तसाच सोडून गेलं होतं. मी त्यांचे डोळे पाहिले. ते आधी त्या कपावर गेले आणि लगेच छताकडे वळले. माणूस मोह टाळताना असाच बघतो. आणि मग डावा हात वॉकरवरून सुटला, कपाच्या कानात बोट गेलं, वॉकर एका बाजूला कलला आणि कप्तान दुसऱ्या बाजूला. धावाधाव झाली. मावशी धावल्या, सिस्टर धावल्या. कप्तान जमिनीवर आडवे आणि त्यांचा डावा हात वर, कप शाबूत. तो फुटला नाही याचं समाधान चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं की मला हसू आवरेना.

हाड वाचलं. पण आमच्या होमचा एक नियम आहे. कुणी तिसऱ्यांदा पडलं की त्याला सोबतीशिवाय उठायची परवानगी नाही. बुडाखाली एक पातळ गादी ठेवतात. माणूस जागेवरून उठला की ती कोकलायला लागते आणि कुणीतरी येऊन त्याला पुन्हा बसवतं. जन्मभर दुसऱ्यांसाठी उठलेल्या माणसाला उठायला परवानगी मागावी लागणार होती. कप्तान थट्टेखोर माणूस, पण गादीचं नाव निघालं की ते बोलेनासे होत.

‘‘तुमचा तोल चांगला आहे,’’ मी त्यांना संध्याकाळी म्हटलं, ‘‘हात वाईट आहे. वॉकर सोडून कप धरतो.’’

त्यांनी डावा हात पुढे धरून नीट पाहिला. ‘‘हात वाईट नाही, मॅडम. हात अजून नोकरीवर आहे. त्याला कुणी कळवलंच नाही.’’

मग जरा वेळाने म्हणाले, ‘‘मला चाकाची खुर्ची हवी. बसलेला माणूस पडत नाही. आणि बसलेल्या माणसाचे हात मोकळे असतात.’’

वरवर पाहता ही किती साधी मागणी. गोदामात चाकाच्या खुर्च्या रांगेने उभ्या होत्या. पण ती मागणी बाहेर पडली मात्र, सगळं होम त्यांच्या विरोधात उभं राहिलं. वाईट याचं की त्यातलं एकही माणूस दुष्ट नव्हतं. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

पहिल्या आमच्या व्यायामताई. वयाने आमच्या नातीएवढ्या, कामाला वाघ, आणि सगळ्यांना चालतं ठेवायचं हा त्यांचा ध्यास. कप्तानांच्या पायात त्यांनी ताकद आणली होती ती अक्षरशः खडूने जमिनीवर रेघा मारून मारून. त्या म्हणाल्या, ‘‘काका, चालणारा माणूस खुर्चीत बसला की पाय हळूहळू विसरतात. मग मला परत आणता येत नाहीत ते.’’ यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या मोठ्या सिस्टर. होमचा सगळा कारभार त्यांच्या हातात. दारातच त्यांनी एक फलक लावलाय की आमच्याकडचे बहुतेक लोक स्वतःच्या पायांनी चालतात. म्हातारे आईवडील घेऊन येणाऱ्यांना तो वाचून बरं वाटतं. चालता येणाऱ्या माणसाने आपण होऊन खुर्चीत बसावं, हे मोठ्या सिस्टरांच्या डोक्यातच शिरेना. ‘‘लोक चालता यावं म्हणून रडतात,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि तुम्हाला बसायचे डोहाळे लागलेत.’’

आणि तिसरे म्हणजे कप्तानांचे चिरंजीव. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दर रविवारी येतात, वडिलांना लांबच्या लांब व्हरांड्यात चालायला लावतात आणि समोरून मागे मागे जात मोबाइलवर त्यांचं चित्रीकरण करतात. ते सगळ्या नातेवाइकांना जातं. नातेवाईक अंगठे पाठवतात. कप्तान चित्रीकरणापुरते छाती काढून चालतात आणि ते संपलं की खिडकीखालच्या बाकावर कोसळतात. तो भाग कुणाला जात नाही.

त्या रविवारी बापलेकांचं बोलणं झालं ते त्या बाकावर. मी शेजारच्या बाकावर मासिक वाचत होते. मासिक उलटं धरलं होतं असं माई नंतर म्हणाल्या, पण माईंना फारसं दिसत नाही.

‘‘बाबा, एकदा खुर्चीत बसलात की संपलं.’’

‘‘काय संपलं?’’

‘‘सगळं.’’

‘‘मग बरंय की. सगळं संपलं की टेबल पुसता येतं.’’

‘‘थट्टा नको.’’

‘‘नाही करत.’’ कप्तान धापा टाकत होते. ‘‘मला एक सांग. मी चालत चालत त्या जेवणाच्या खोलीत पोचतो. पोचल्यावर काय करतो? दम खातो. माझ्यासमोर माईंच्या बशीत चहा सांडतो, तो बघतो. कुणाची प्लेट पडलेली असते, ती बघतो. आणि परत येतो. हात बांधून कुणी मला हॉटेलात उभा केला असता तर मी असाच दिसलो असतो. यालाच तू चालणं म्हणतोस का?’’

चिरंजिवांनी मोबाइल खिशात ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, ‘‘आईचं असंच सुरू झालं होतं. आधी खुर्ची. मग खाट.’’

हे ऐकलं आणि मी खरोखरच मासिकात डोकं खुपसलं. कप्तानांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘‘तुझी आई आजारी होती रे. मी कामाला निघालोय.’’

चिरंजिवांचं समाधान झालं नाही. व्यायामताईंशी काहीतरी बोलून ते गेले. पण व्यायामताईंचा स्वभाव असा की नाही म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच चैन पडत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वॉकरवर प्रयोग सुरू केले. पहिल्यांदा वॉकरला पुढून एक पिशवी अडकवली. पिशवीत कप उभा कसा राहणार, हे कुणी बोललं नाही. चहा पिशवीतून ठिबकत व्हरांडाभर गेला आणि मावशी फडकं घेऊन मागोमाग. मग वॉकरला एक छोटा ट्रे बसवला. वॉकर टेकला की ठक्, चहा बशीत. पुन्हा टेकला, पुन्हा ठक्. टेबलाशी येईपर्यंत कपात घोटभर आणि बशी काठोकाठ. शेवटी त्यांनी झाकणाचा थर्मास आणला. कप्तानांनी झाकण उघडून वास घेतला, झाकण लावलं, आणि इतक्या अदबीने परत केला की तसा अपमान माझ्या तरी पाहण्यात नाही.

‘‘ताई, तुम्ही फार कष्ट घेतलेत,’’ ते म्हणाले, ‘‘पण मला चहा पोचवायचा नाही. मला वाढायचाय.’’

यानंतर कप्तानांनी मोठ्या सिस्टरांची भेट मागितली, आणि मला म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही चला. तुमचे कान चांगले आहेत.’’ मी काठी घेतली आणि निघाले. खरं तर त्यांनी बोलावलं नसतं तरी मी दारापाशी काहीतरी हरवलेलं शोधणारच होते.

मोठ्या सिस्टरांची खोली नेहमी नीटनेटकी. व्यायामताई खिडकीपाशी उभ्या होत्या. मोठ्या सिस्टरांनी सगळं पुन्हा समजावून सांगितलं, पाय, सवय, नियम, मुलाची काळजी. कप्तानांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. गिऱ्हाइकाचं पुरतं बोलून होईस्तोवर थांबायचं, हीही त्यांची सवय.

मग म्हणाले, ‘‘सिस्टर, आमच्याकडे एक गिऱ्हाईक यायचं. पोट नाजूक, आणि मागवायचं सगळं तिखटजाळ. मी म्हणायचो, साहेब, आज भाज्यांचं सूप फार छान झालंय. एकदा सांगायचो. तरी ते म्हणाले तिखट, की तिखट.’’

‘‘आणि त्यांना त्रास झाला तर?’’

‘‘व्हायचा कधीकधी. पण पोट त्यांचं होतं. मी त्यांना सूप आणून पुढ्यात आदळलं असतं तर ते पुन्हा आले असते का? माझं काम सुचवायचं. ठरवायचं त्यांनी. आणि एकदा त्यांनी ठरवलं, की जे ठरवलं ते नीट गरम आणून द्यायचं, तोंड वाकडं न करता.’’

‘‘हे हॉटेल नाही, कप्तान.’’

‘‘नाही. हॉटेलातून लोक रात्री घरी जातात. आम्ही इथंच राहतो.’’

मोठ्या सिस्टर काही क्षण टेबलावरच्या पेनाशी खेळल्या. ‘‘आणि खुर्चीतूनही पडलात तर?’’

‘‘तर मी पडेन, सिस्टर. तुम्हाला फार तर वाकावं लागेल.’’

खिडकीपाशी व्यायामताईंनी तोंड फिरवलं. त्या हसत होत्या. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत, पण आवाज खाली आला. ‘‘काही दिवस वापरून बघा. मग मी ठरवीन.’’ त्यातल्या ‘मी’वर जोर जरा जास्तच होता. माझी जीभ शिवशिवली, पण कप्तानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गिळली ती गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची आली. चांगली मोठी, मोठ्या चाकांची. कप्तान टापटीप शर्ट घालून तीत बसले, पाय पुढच्या पावट्यांवर ठेवले, मांडीवर ट्रे घेतला. आणि थांबले. आम्ही बघतोय. ते चाकांकडे बघतायत. मग त्यांनी दोन्ही हातांनी चाकं धरली आणि फिरवली. खुर्ची पुढे गेली, ट्रे मांडीवरून घसरला आणि खणखणत जमिनीवर पडला.

चाकं फिरवायला दोन्ही हात लागतात. ही इतकी उघड गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. एवढा वाद घातला, मोठ्या सिस्टरांशी भांडलो, मुलाला दुखावलं, आणि हाती काय आलं, तर जास्त महागडा वॉकर. कप्तानांचा चेहरा पाहवत नव्हता. ‘‘मी मूर्ख आहे, मॅडम,’’ ते म्हणाले. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की मी पहिल्यांदाच त्यांना काही टोचून बोलले नाही.

व्यायामताई मात्र खाली बघत होत्या. हताश झालेल्या कप्तानांचे पाय पावट्यांवरून खाली आले होते आणि चवडे जमिनीवर टकटक करत होते. उतावळा माणूस बसल्या बसल्या करतो तसे.

‘‘काका, पाय तसेच ठेवा,’’ त्या म्हणाल्या. त्यांनी खाली बसून दोन्ही पावट्या काढून टाकल्या. ‘‘आता टाच रोवा आणि ओढा. चालल्यासारखं.’’

खुर्ची वीतभर पुढे सरकली. पण आसन उंच होतं, टाचा धड टेकत नव्हत्या. व्यायामताई तडक गोदामात गेल्या आणि सगळ्यात मागे पडलेली एक बुटकी खुर्ची ओढत घेऊन आल्या. तीत कप्तानांचे तळवे सपाट टेकले. उजवी टाच, डावी टाच, उजवी, डावी. हात मोकळे. मांडीवर ट्रे. त्याखाली घसरू नये म्हणून रबराचं कापड, तेही व्यायामताईंनीच कुठूनसं कापून आणलं.

‘‘पाय वापरणार असाल तर माझी हरकतच संपली,’’ व्यायामताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा स्वतःचा वाढदिवस असल्यासारखा फुलला होता.

पुढचे काही दिवस आमच्या होममध्ये जीव मुठीत धरून वावरावं लागलं. कप्तानांनी दोन कुंड्यांना धडक दिली. एकदा व्हरांड्यात एका वकीलसाहेबांच्या चपलेवरून चाक नेलं. भटारखान्याचं दार ढकलून उघडायचं असतं; तिथं ते वेटरांच्या जुन्या पद्धतीने खुर्ची उलटी फिरवून पाठीने दार ढकलत आत जायचे. आतल्या स्वयंपाकीणबाई दर वेळी दचकत. पण चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी ते दार उघडलं, कप्तान उलटे बाहेर आले, गर्रकन फिरले, आणि टाचांनी जमीन ओढत आमच्या टेबलाशी आले. खांद्यावर पांढरा रुमाल.

त्यांनी पहिला कप माईंपुढे ठेवला. पाऊण भरलेला, म्हणजे हात थरथरला तरी काठाबाहेर जाऊ नये. कान उजवीकडे, थोडासा त्यांच्याकडे वळवलेला, कारण माईंच्या डाव्या हाताचं बोट वळत नाही. हे त्यांनी पहिल्या दिवसापासून बघून ठेवलं असणार. माईंनी कप उचलला, प्यायल्या, ठेवला. बशी कोरडी. माईंना फारसं दिसत नाही, पण त्यांनी बोटाने बशी चाचपली आणि म्हणाल्या, ‘‘अगंबाई.’’

मला भरून आलं. हे मी कप्तानांना सांगितलं नाही, इथं सांगते.

आणि लगेच हेही सांगते की त्यानंतर माणूस फार चढेल झाला. भटारखान्यात टवका उडालेले कप बाजूला काढायला लावले. मावशींना ट्रे कसा धरायचा यावर व्याख्यान दिलं. इतर टेबलांवरूनही हाका यायला लागल्या आणि कप्तान दुपारच्या वेळी सगळ्या खोलीत फिरायला लागले. व्याह्यांचं जे झालं ते माझं रोज व्हायला लागलं. शेवटचे दोन घोट मी मुद्दाम ठेवते, सावकाश प्यायला, तर कप हातातून गेलेला. एक दिवस मी कप पकडून ठेवला. दोघंही सोडेनात. ‘‘मॅडम, गार झालाय,’’ ते म्हणाले. ‘‘मला गारच आवडतो,’’ मी म्हटलं. त्यांनी ताबडतोब हात काढला आणि माझी माफी मागितली. त्या दिवसापासून माझा कप शेवटी उचलला जातो.

वॉकर त्यांनी टाकून दिला नाही. सकाळी बागेत त्याला घेऊन एक फेरी मारतात. बागेत कप नसतात. ‘‘ही माझ्या हौसेची फेरी,’’ म्हणतात, ‘‘खुर्ची कामाची.’’ आता कधी काय घ्यायचं हे ते ठरवतात, आणि दर वेळी बिनचूक ठरवतात असंही नाही. एकदा बागेत फार लांब गेले आणि दोघा जणांना जाऊन त्यांना आणावं लागलं. आले ते हसतच.

रविवारी चिरंजीव आले. व्हरांड्यात वडील दिसेनात तेव्हा जेवणाच्या खोलीच्या दारात येऊन थांबले. कप्तान लांबच्या टेबलाशी होते. चिरंजीव बराच वेळ नुसते बघत राहिले. आईची खुर्ची आठवत असणार, चेहऱ्यावर तेच होतं. मग कप्तानांनी त्यांना पाहिलं, टाचा ओढत आले आणि म्हणाले, ‘‘उभा का? बस. कॉफी ना?’’

चिरंजीव बसले. कॉफी आली. त्यांनी वडिलांचे पाय पाहिले, भरभर मागेपुढे होणारे.

‘‘बाबा, तुम्ही चालताय की.’’

‘‘मग? बसून चालतोय. धाप लागत नाही.’’

चिरंजिवांनी मोबाइल काढला. त्या दिवशी त्यांनी चित्रीकरण केलं ते कप्तान दार पाठीने ढकलत बाहेर येतात तिथपासून. खाली त्यांनी काय लिहिलं ते मला शेजारून दिसलं. ‘बाबा कामावर.’ लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

आता राहिल्या मोठ्या सिस्टर. ‘मग मी ठरवीन’ हे त्या विसरणाऱ्यांतल्या नव्हेत. एक दिवस दुपारच्या चहाला त्या स्वतः आल्या. व्यायामताई दारात येऊन थांबल्या. खुर्ची परत गेली तर पुन्हा वॉकर, आणि वॉकर म्हणजे आज ना उद्या एखादा कप, आणि मग ती कोकलणारी गादी. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. माईंनीसुद्धा कप खाली ठेवला.

मोठ्या सिस्टर आमच्या टेबलाशी आल्या. कप्तानांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

‘‘बसा, सिस्टर. काय आणू?’’

‘‘मला काही नको. मी फक्त...’’

‘‘चहा की कॉफी?’’

मोठ्या सिस्टर बसल्या. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. या बाई आम्ही कधी झोपायचं, कोणती गोळी आधी घ्यायची, कुणी कुणाशेजारी बसायचं, हे न अडखळता सांगतात. आणि आता त्यांना उत्तर येईना.

‘‘जे असेल ते,’’ त्या म्हणाल्या.

‘‘दोन्ही आहे.’’

कप्तान थांबले. मान किंचित झुकवलेली, घाई कसलीच नाही. त्यांनी काही सुचवलंही नाही. मोठ्या सिस्टरांनी टेबलावरचा हात उचलला, पुन्हा ठेवला. मला वाटतं, या इमारतीत आल्यापासून त्यांना कुणी हा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिलेली नव्हती. त्यांचा चेहरा जरा लहान मुलीसारखा झाला.

‘‘कॉफी,’’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘‘कडक. आणि साखर...’’ इकडेतिकडे पाहिलं. ‘‘दोन चमचे. डॉक्टरांनी बंद केलीय मला.’’

आम्ही सगळे कप्तानांकडे पाहायला लागलो.

‘‘कडक कॉफी, दोन चमचे,’’ कप्तान म्हणाले, आणि खुर्ची वळवून गेले.

कॉफी आली. वाफाळती, बशी कोरडी, दोन चमचे साखर घातलेली. मोठ्या सिस्टर ती शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्यायल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि उठल्या.

‘‘कप्तान, खुर्ची तुमच्याकडेच राहील,’’ त्या म्हणाल्या. दोन पावलं गेल्या, थांबल्या आणि वळल्या. ‘‘म्हणजे, तुम्हाला हवी असेल तर.’’

‘‘हवी आहे, सिस्टर,’’ कप्तान म्हणाले.